काळ्या हातांची कैफियत

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या हाताला चारच डाग शोभतात : शाईचा, हळदीचा, आंब्याच्या रसाचा आणि निवडणूक आली की मतदानाचा. पाचवा डाग, म्हणजे ग्रीसचा, दिसला की लोक आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे बघतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?" जणू काही पेन्शन बंद झालं आणि बिचाऱ्यावर पाना हातात धरायची पाळी आली!

तर माझ्या हाताला हा पाचवा डाग आहे आणि तो मी स्वखुशीनं लावून घेतलेला आहे. माझ्याकडे एक जुनी जीप आहे. महिंद्राची एमएम ५४०, चारही चाकांनी ओढणारी, डिझेलवर चालणारी आणि बोलण्यात अत्यंत स्पष्टवक्ती. तिचे नोझल मी घरी, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतः उतरवतो आणि स्वतः बसवतो. पुस्तकात याला इंजेक्टर म्हणतात, नाक्यावर नोझल म्हणतात. मी नाक्याच्या बाजूचा आहे. प्रस्तुत लेख या कृत्याच्या समर्थनार्थ आहे. तो माफीच्या सुरात असेल अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांनी पान उलटावं.

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो, नाहीतर निम्मे वाचक नोझल म्हणजे बागेत पाणी घालायच्या नळीचं तोंड समजून बसतील. (तशी ती समजूत अगदीच चुकीची नाही.) डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसपटीहून अधिक दाबायची. इतकी दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा मारायचा. मग ते आपोआप पेटतं. आमच्या शेजारच्या वहिनी नेमकं हेच करतात, फक्त त्यांना इंजिन लागत नाही. हा फवारा मारणारा जो बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, तो नोझल.

आता हा बोटभर तुकडा किती महत्त्वाचा? रुडॉल्फ डिझेलसाहेबांनी १८९७ साली आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, तेव्हा डिझेल आत फुंकायला त्यांना दाबलेली हवा वापरावी लागली. त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर आणि त्या सगळ्यासाठी वेगळी खोली. असलं इंजिन कारखान्यात किंवा बोटीवर ठीक. ते मोटारीवर बसवायचं म्हणजे मोटारीला मागून घर ओढावं लागलं असतं. पुढे १९२७ साली बॉशच्या कारखान्यातून डिझेलचे छोटे पंप ठोक संख्येनं बाहेर पडायला लागले, तेव्हा कुठे डिझेल रस्त्यावर आलं. आपल्याकडे १९५१ साली बंगळुरात 'मायको' निघाली आणि पंप, नोझल हे शब्द खेड्यापाड्यांतल्या नाक्यांवर इतके रुळले की 'पंपवाला' हा एक स्वतंत्र धंदा झाला. एवढा इतिहास माझ्या पार्किंगमध्ये चार नटांखाली उभा असतो आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका विचारतात, "काय, नळ दुरुस्त करताय?"

जीपचं इंजिन मूळ प्यूजोच्या घराण्यातलं. २११२ सीसी. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०. हे '४.९०' म्हणजे काय, असं मी अनेक जाणत्यांना विचारलं. एकानं सांगितलं, मॉडेलचा नंबर. दुसऱ्यानं सांगितलं, १९९० साल. प्रत्यक्षात चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास नव्वद मिलिमीटर, इतकं सरळ आहे ते. फ्रेंच माणसानं इंजिनाच्या नावातच त्याची कुंडली लिहून ठेवली होती आणि ती वाचायला कुणी बॉनेट उघडत नव्हतं. माझं भांडण आहे ते या न उघडण्याशी.

माझ्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा : "हे तुम्हांला शोभतं का?"

हा आक्षेप घेणारी माणसं सभ्य असतात, म्हणून मी त्यांना सभ्य उत्तर देतो : हो. पण त्यांचं समाधान होत नाही. कारण प्रश्न मला काय शोभतं हा नसतोच. प्रश्न असा असतो की हाताला काळं लागणारी कामं करायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेगळी माणसं ठेवलेली आहेत. त्यांचं काम तुम्ही केलंत तर पायऱ्यांचं काय होणार? हे कुणी उघड बोलत नाही. उघड बोलतात ते एवढंच की "कपडे खराब होतील हो!" आपल्याकडे श्रमाची प्रतिष्ठा हा निबंधाचा विषय आहे. त्यावर शाळेत दहापैकी आठ गुण मिळवलेली माणसंच मला पार्किंगमध्ये बघून रस्ता बदलतात.

माझा एक भाचा मेकॅनिकल इंजिनियर आहे, पहिल्या वर्गात पास झालेला. त्यानं डिझेल इंजेक्टरची आकृती परीक्षेत इतकी सुबक काढली होती म्हणे की परीक्षकानं दोनदा पाहिली. जीपचं बॉनेट उघडल्यावर तो पाच मिनिटं शांत उभा राहिला आणि मग म्हणाला, "मामा, आकृतीत हे आडवं होतं." मुलगा गुणी आहे. दोष त्याचा नाही. चार वर्षांत त्याच्या हातात पाना द्यावा, असं कुणालाच वाटलं नाही. कारण पाना ही आयटीआयवाल्यांची वस्तू आणि आकृती ही इंजिनियरची. ज्या देशात आकृती काढणारा हात आणि नट सोडणारा हात एकमेकांशी हात मिळवत नाहीत, तिथे आकृत्या फार स्वच्छ राहतात आणि गाड्या धूर सोडतात.

आणि गंमत सांगू? हे काम काळं दिसतं, पण असतं अत्यंत सोवळ्याचं. नोझलच्या आत एक सुई असते. ती सुई आणि तिचं घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे दोन-चार भाग. माणसाचा केस या मापानं साधारण सत्तर भाग जाड. म्हणजे तुमच्या डोक्यावरचा (असल्यास) एक केस तिथे तुळईसारखा आडवा पडेल. म्हणून नट सोडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशनं आणि डिझेलनं धुऊन काढायची. नळी सुटली की तिच्या तोंडाला लगेच टोपण घालायचं. हेडातल्या रिकाम्या भोकात कचरा जाऊ नये म्हणून स्वच्छ फडक्याचा बोळा. आणि फडकंही धागे न सुटणारं हवं. सुटलेल्या भागाला कुणी हात लावायचा नाही, कुणी शिवायचं नाही. आमची ही एकदा गॅलरीतून म्हणाली, "देवघरात इतकं सोवळं पाळलं असतंत, तर एव्हाना मोक्ष मिळाला असता." मला वाटतं, नोझलनंही मिळेल, निदान त्यात रांग कमी आहे.

दुसरा आक्षेप : "तज्ज्ञाकडे द्या ना!"

जरूर. पण तज्ज्ञ कोण, हे आधी ठरवू या. जीप काळा धूर सोडायला लागली, सकाळी उठायला कुरकुर करायला लागली, एका सिलिंडरमधून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले आणि अ‍ॅव्हरेज खाली आलं, तेव्हा मी ती प्रथम एका वातानुकूलित, गुळगुळीत फरशीच्या ठिकाणी नेली होती. नाव सांगत नाही. अशी ठिकाणं आता गावोगाव आहेत. तिथल्या टाय लावलेल्या तरुणानं बॉनेट न उघडता संगणकात पाहिलं, आणि "चारही बदलावे लागतील सर, आणि पंपही" असं सांगून एक कागद हातात दिला. त्यावरचा आकडा वाचून मला वाटलं, चुकून शेजारच्या प्लॉटचा भाव छापला गेला. मी विचारलं, "तपासलेत का?" तो म्हणाला, "सर, आम्ही तपासत नाही, आम्ही बदलतो." हे वाक्य मी पाठ केलेलं आहे. आपल्या काळाचं बोधवाक्य म्हणून ते कुठेतरी कोरून ठेवायला हरकत नाही.

घरी मी काय केलं? इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित ढिला केला. डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, वर फडकं टाकून, बोटं लांब ठेवून. जुन्या, कमी दाबाच्या इंजिनाची ही जुनी परीक्षा आहे. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर इंजिन अडखळतं, तो सिलिंडर काम करत होता. ज्याचं तोडूनही काही फरक पडत नाही, तो नुसताच हजेरीपटावर होता. (ही परीक्षा सरकारी कचेऱ्यांतून घेता येत नाही, हे दुर्दैव.) दुसऱ्या नंबरचा सिलिंडर असा हजेरीवाला निघाला. मग चारही नोझल उतरवले, फडक्यात गुंडाळले, त्यांना नंबर लावले आणि पंपवाल्याकडे नेले.

हा पंपवाला म्हणजे खरा तज्ज्ञ. टिनाच्या शेडमध्ये एक हातपंप, त्यावर दाबाचं घड्याळ, समोर काचेचा डबा. नोझल त्यावर लावायचा आणि दांडा दाबायचा. असल्या नोझलनं शंभर ते दीडशे बारच्या दरम्यान, कंपनीनं ठरवून दिलेल्या दाबाला उघडायचं असतं. तुमच्या मोटारीच्या चाकातली हवा दोन बारच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा. चांगला नोझल उघडताना 'चर्र, चर्र' असा फोडणीसारखा आवाज करतो आणि धुक्याचा स्वच्छ शंकू टाकतो. वाईट नोझल नाक गळल्यासारखा थेंब टाकतो. पंपवाला घड्याळाकडे बघतच नव्हता, कान लावून होता. पहिला, "ठीक." दुसरा, "गेला." तिसरा, "ठीक." चौथा, "दाब उतरलाय, आत पातळ चकती घातली की होईल." चारांपैकी बदलायचा एक निघाला आणि दुरुस्त करायचा एक. पंपाचं नावही निघालं नाही. वातानुकूलित ठिकाणचा कागद मी त्याला दाखवला. तो बराच वेळ वाचून म्हणाला, "साहेब, कागद चांगला आहे. जाड आहे."

आता इथे मी एक गोष्ट ठणकावून सांगतो, कारण 'घरी करा' म्हणणाऱ्यांचीही एक अतिरेकी शाखा असते आणि तिचं नि माझं जमत नाही. नोझलची चाचणी घरी करायची नाही. तो फवारा डोळ्यांना धुक्यासारखा दिसतो, पण समोर बोट धरलंत तर कातडी भेदून डिझेल आत घुसतं. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. माणूस म्हणतो, "काही नाही, चालायचंच". आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. अशी जखम झाली तर हळद दाबून बसायचं नाही, त्याच मिनिटाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जायचं. शिवाय ते धुकं पेटतं. तेव्हा उतरवणं आणि बसवणं घरी, तपासणं पंपवाल्याकडे. ही हद्द मी मानतो, कारण ती यंत्रानं घातलेली आहे. कुणाच्या टायनं घातलेली हद्द मात्र मी मानत नाही.

तिसरा आक्षेप : "पण इतका वेळ कुणाला आहे?"

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ, मी सकाळी पहिला नट सोडला तेव्हा, कठड्याला टेकून उभे होते आणि दुपारी शेवटचा नट आवळला तेव्हाही तिथेच होते. मधे एकदा जेवून आले. वेळ सगळ्यांना आहे; फक्त तो बघण्यात घालवायचा की करण्यात, एवढाच प्रश्न आहे. प्रत्यक्ष काम म्हणाल तर एका रविवारचं. अडकलेल्या नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजून ठेवायचं. जुने तांब्याचे वायसर हेडाच्या भोकातून मोजून बाहेर काढायचे; एखादा आत चिकटून राहतो आणि त्याच्यावर नवा बसवला की तिथून फुसफुस सुरू होते. वायसर दर वेळी नवेच घालायचे. हा वायसर गाडीच्या किमतीच्या मानानं इतका किरकोळ असतो की तो वाचवण्याचा मोह फक्त श्रीमंतांनाच होतो. नट आवळताना टॉर्कचा पाना घ्यायचा, कारण 'चांगला घट्ट' हे माप नव्हे, तो स्वभाव आहे. मग हातपंप मारून हवा काढायची. नोझलकडचे नट ढिले ठेवून स्टार्टर फिरवायचा. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आलं की आवळायचे. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि किल्ली फिरवायची. जीप आधी खोकते, पांढरा धूर टाकते, दोन ठोके देते आणि मग चारही सिलिंडर एका सुरात लागतात. तो सूर ज्यानं आपल्या हातानं लावला आहे, त्याला पुढचे आठ दिवस गाडीतला रेडिओ लावावासा वाटत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याची मी चेष्टा करणार नाही. "जुनी डिझेल गाडी म्हणजे प्रदूषण. भंगारात द्या." डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ सालीच स्पष्ट सांगितलं. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं आणि त्या मापानं माझी जीप म्हणजे पणजोबा. घरी नोझल बदलून पणजोबांचा पणतू होत नाही. हे सगळं मान्य. पण मग भंगारात जाईपर्यंत त्या गाडीचं काय करायचं? खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करून रस्त्यावर राहता येतं, आणि रस्त्यावर राहणाऱ्या जुन्या गाड्यांत काळा धूर ओकणाऱ्याही असतात. काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं इंधन. गळका नोझल बदलला की तो कमी होतो. डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. म्हणजे ज्याला हवेची काळजी आहे, त्यानं माझ्या हातातला पाना काढून घ्यायचा की मला दुसरा पाना आणून द्यायचा? गाडी उभी करून धुराला नावं ठेवणारे पुष्कळ. धुराच्या उगमापर्यंत बोट नेणारा मात्र, यांच्या मते, अशोभनीय!

राहता राहिल्या नव्या गाड्या. त्यांच्यात दाब सोळाशे, दोन हजार बारच्या घरात असतो. तिथे चालू इंजिनाची नळी ढिली करणं म्हणजे आत्महत्येचा उद्योग. त्याला मी हात लावत नाही आणि कुणी लावू नये. ते ज्यांचं काम आहे त्यांनीच करावं. पण बऱ्याच गाड्यांत आणखी एक गंमत आहे. नोझल बदलला की त्याच्या अंगावर छापलेला सांकेतिक क्रमांक गाडीच्या संगणकाला सांगावा लागतो. क्रमांकामागचं कारण खरं आहे. प्रत्येक नोझल किंचित वेगळा फवारतो आणि संगणकाला ते कळलेलं बरं. माझा प्रश्न एवढाच की तो क्रमांक सांगण्याची सोय टिनाच्या शेडमधल्या माणसाला का मिळू नये? दाब ही निसर्गाची भिंत आहे. कुलूप ही माणसानं लावलेली. भिंतीपुढे मी नमस्कार करतो. कुलूप मात्र कुणी भिंत म्हणून दाखवायला लागला, तर किल्ली मागतो.

ही मागणी काही माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचं एक दालन उघडलं आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली यंत्रं यांच्या जोडीला मोटारींचाही समावेश केला. म्हणजे वस्तू ज्यानं विकत घेतली, त्याला ती दुरुस्त करण्याची माहिती आणि सुटे भाग मिळावेत, हा विचार दिल्लीपर्यंत पोहोचलेला आहे. फक्त आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचायचा आहे.

तेव्हा माझ्या मागण्या थोडक्यात अशा. इंजिनियरिंगच्या पोरांच्या हातात पहिल्या वर्षी पाना द्या, आकृती दुसऱ्या वर्षी. 'बदला' म्हणणाऱ्याला आधी 'तपासलंत का?' असं विचारा. तुमच्या गावातला पंपवाला अजून शेड टिकवून असेल तर त्याच्याकडे जा. त्याच्या कानात जे आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही, आणि तो गेला की 'ठीक' आणि 'गेला' यांतला फरक सांगणारं कुणी उरणार नाही. मग खरोखरच सगळं बदलावं लागेल. आणि पार्किंगमध्ये कुणी जीपखाली आडवा दिसला, तर त्याच्या घरची चौकशी करू नका. चौदा नंबरचा पाना तेवढा पुढे सरकवा.

आमच्या रस्त्यावरचा काळा धूर हल्ली थोडा कमी झाला आहे. तो गेला कुठे, म्हणून शोधू नका. तो आमच्या हातांवर आहे.